मिस ओलेटांचा हॉर्न

आमच्या गावात माणसाला नाही म्हणता येत नाही. हे संस्कार आहेत, असं आमच्या आया सांगत आल्या. दारात आलेल्याला बसा म्हणायचं, कुणी ताटात वाढलं तर संपवायचं, निघताना चारदा 'निघते' म्हणायचं आणि पाचव्यांदा खरंच निघायचं. टेनेसीच्या या कोपऱ्यात त्यामुळे कुणाचं फारसं बिघडलं नसतं. पण बायपासवर गाड्यांचं शोरूम आलं आणि त्या लोकांना आमची ही खोड बरोबर सापडली.

मिस ओलेटा प्रुइटबद्दल सांगायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते. (आमच्याकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही आदराने 'मिस'च म्हणतात.) त्यांनी उभा जन्म शाळेची बस चालवली. उंच, काटकुळ्या, डोक्यावर पुरुषी टोपी, तोंडात च्युइंगगम. मी लहानपणी त्यांच्याच बसने जायचे. पोर फाटकाशी उभं नसलं की त्या एकदा हॉर्न मारायच्या आणि निघून जायच्या. माझी आई तणतणायची, "काय खडूस बाई आहे. तिला थांबणं म्हणून माहीत नाही." निवृत्त झाल्यावर त्यांनी चर्चची पांढरी व्हॅन हातात घेतली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात न्यायला. तेव्हाही लोक व्हॅनमध्ये बसायचे आणि घरी येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. मीही मोडायचे. त्या शनिवारपर्यंत.

शुक्रवारी टपालात एक जाड चकचकीत कार्ड आलं होतं. त्यावर प्लास्टिकची एक किल्ली चिकटवलेली. खाली खरवडायची जागा. खरवडलं तर तीन घोडे एका रांगेत. वर छापलेलं, अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलेलंच आहे, फक्त येऊन घेऊन जा. बाजूला चित्रं होती, एक पिकअप, एक भिंतीएवढा टीव्ही, नोटांची गड्डी, आणि कोपऱ्यात काहीतरी बारकंसं. त्याखालची अक्षरं मुंगीलाही वाचता आली नसती.

"घोडे तर तीन आहेत, ट्विला," आई चष्मा सावरत म्हणाली.

"तीनच आहेत," मी म्हणाले. आम्ही दोघीही शहाण्या.

मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. तेव्हा आमच्या घरात दोनच गोष्टींवर सगळं चालायचं, माझी नोकरी आणि बाबांच्या मागे राहिलेली जुनी ब्युइक गाडी. तिचा हीटर बंद होता, पण सुरू व्हायची पहिल्या फटक्यात. तिच्यातूनच मी आईला डायलिसिसला न्यायचे. शनिवारची तिची वेळ दुपारी दोनची. मी म्हटलं, बक्षीस घेते आणि जेवणाच्या आत परत येते.

शोरूमच्या अंगणात मोठा तंबू ठोकलेला, फुगे, गाणी, भट्टीवर भाजत असलेलं डुकराचं मांस. हे तंबूवाले बाहेरून येतात, आठवडाभर गाव झोडपतात आणि पुढच्या गावाला जातात. हे मला आता माहीत आहे. तेव्हा ब्रेंट नावाचा एक तरणा, पांढऱ्याशुभ्र दातांचा माणूस हसत पुढे आला आणि मला वाटलं, आपल्याच चर्चमधला कुणीतरी असेल.

"मॅम, काय जपलीय हो तुम्ही ही ब्युइक," तो म्हणाला. "द्या बरं किल्ली. आमचा माणूस एक चक्कर मारून बघेल. नुसतं बघेल, हं. तुमच्यावर कसलं बंधन नाही."

मी किल्ली दिली. मग त्याने सँडविच आणलं, बर्फ घातलेला गोड चहा आणला, खुर्ची ओढून दिली. आईची चौकशी केली. डायलिसिस म्हटल्यावर त्याचे डोळेच भरले. त्याच्या आजीचंही डायलिसिस चालू होतं म्हणे. पुढे गावात चौकशी केली तेव्हा कळलं की त्याची एक आजी शेतावर पडली होती, एक आंधळी झाली होती आणि एक तर त्याच आठवड्यात वारली होती. ज्याला जी हवी ती आजी तो देत होता.

कार्डावरचा नंबर फळ्यावर बघायचा होता, आणि पिकअप हवी तर कार्डावरच्या प्लास्टिकच्या किल्लीने तिथली एक पेटी उघडायची होती. पेटीला माझी किल्ली लागली नाही. माझा नंबर निघाला कोपऱ्यातल्या त्या बारक्या चित्राचा. तो किल्लीला अडकवायचा टॉर्च होता. तीन घोड्यांनी मला टॉर्च दिला, आणि तो अडकवायला किल्लीच माझ्याकडे नव्हती.

मग शोरूमच्या आत टेबलाशी बसवलं. समोर निळी, उंच, नवी कोरी गाडी. महिन्याला किती झेपेल, विचारलं. मी म्हटलं, झेपणारच नाही. तो उठून काचेमागच्या साहेबाकडे गेला, हातवारे करून परत आला. "तुमच्यासाठी भांडलो, मॅम. माझी नोकरी जायची पाळी आली होती." असं तो तीनदा गेला आणि तीनदा माझ्यासाठी भांडून आला. मी किल्ली मागितली की म्हणायचा, "येतेच आहे." भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं आणि घरी आई पर्स मांडीवर घेऊन बसली असणार होती.

एक गोष्ट सांगायलाच हवी. लोकांना वाटतं, फसणाऱ्याला कळत नसतं. मला सगळं कळत होतं. ब्युइक गेली तर पुन्हा मिळणार नाही, नव्या गाडीचे हप्ते थकले की तीही उचलून नेतील, मग आईला कशातून नेणार, हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या दिसत होतं. पण मी त्याचं सँडविच खाल्लं होतं. तो माझ्यासाठी भांडला होता. उठून चालू लागायचं कसं, तेच मला येत नव्हतं. त्याने पेन पुढे केलं आणि मी ते हातात घेतलं.

तेवढ्यात हॉर्न वाजला.

एकदाच, पण लांब. तंबूतली गाणी त्यात बुडाली. तो हॉर्न मी दुसरीत असल्यापासून ओळखत होते, हात तोच होता. मान वळवली तर चर्चची व्हॅन तंबूच्या तोंडाशी आडवी उभी, आणि पुढच्या सीटवर शाल पांघरून माझी आई. झालं असं होतं की माझी वाट बघून आईने चर्चमध्ये फोन केला. मिस ओलेटांनी विचारलं, "ट्विला कुठाय?" आई म्हणाली, "बक्षीस आणायला गेलीय." त्यावर पलीकडून फोन ठेवल्याचाच आवाज आला.

आता माझा फोन वाजला.

"ऊठ," मिस ओलेटा म्हणाल्या.

"माझी किल्ली त्यांच्याकडे आहे हो."

"असू दे की. मी गाडी घेऊन उभी आहे ना बाहेर. ब्युइक काही पळून जात नाही. तिला न्यायला आपण उद्या शेरीफला घेऊन येऊ."

"पण यांना सांगू काय?" मी ब्रेंटकडे पाठ करून पुटपुटले. "इतकं केलं हो त्यांनी."

"सांग, बाहेर एक खडूस म्हातारी आहे, ती थांबत नाही. माझ्यावर ढकल सगळं. मला सवय आहे."

मी तसंच सांगितलं. शब्दन् शब्द. ब्रेंटला 'परवडत नाही'चं उत्तर शिकवलेलं होतं, 'विचार करते'चं शिकवलेलं होतं, 'नवऱ्याला विचारते'चं तर नक्कीच. बाहेरच्या खडूस म्हातारीचं काही शिकवलेलं नव्हतं. तो "पण मॅम" म्हणाला तोच दुसरा हॉर्न झाला. मी पेन खाली ठेवलं आणि उठले. तंबूबाहेर पडले नाही तोच ब्रेंट धावत मागून आला. किल्ली सापडली होती. त्याच्याच खिशात होती.

ती किल्ली त्यांनी मला अडकवायला ठेवली होती, आणि दुसरी गाडी दारात दिसल्याबरोबर तिची त्यांना काही किंमत उरली नव्हती. गाडी तिथेच ठेवून मी व्हॅनमध्ये चढले आणि रडायला लागले.

"पट्टा लाव," मिस ओलेटा म्हणाल्या.

"टीव्ही नाही का मिळाला?" आईने विचारलं.

"टॉर्च मिळाला."

"चालतो?"

तोही चालत नव्हता. पण आम्ही दोनच्या ठोक्याला डायलिसिसला पोचलो. ब्युइक संध्याकाळी आणली, आणि आई होती तोवर तिला मी त्याच गाडीतून नेलं. हिवाळ्यात हीटरशिवाय कुडकुडत जाताना दर वेळी मला मिस ओलेटांची आठवण यायची आणि मनातल्या मनात मी त्यांना हात जोडायचे. तोंडावर म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, पुढे बघून चालव.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. मग गाडी बघायला जायचं तर आधी मिस ओलेटांना फोन, अशी गावाची रीतच पडली. त्यांचे नियम असे: आपल्या गाडीची किल्ली मिस ओलेटांच्या खिशात ठेवायची, आत काही खायचं-प्यायचं नाही, आणि हॉर्न झाला की जिथे असाल तिथून उठायचं. भूक लागू नये म्हणून त्या घरून चीजची सँडविचं आणि उकडलेल्या शेंगा आणायच्या. "सौदा खरा असेल तर सोमवारीही तोच राहील," म्हणायच्या. कितीजणांनी सोमवारी परत जाऊन चांगल्या गाड्या घेतल्याही, पलीकडच्या गावातल्या एका सरळ माणसाकडून. पाद्रीबुवासुद्धा एकदा तंबूतून पळत बाहेर आले, "माफ करा, बाहेर एक भयंकर बाई आहे" असं ओरडत. सगळ्यांची भीड त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली होती. आम्ही भले राहिलो, वाईट त्या झाल्या.

एक मात्र होतं. त्या व्हॅनमधून कधी उतरायच्या नाहीत. पाऊस असो, ऊन असो, शोरूममध्ये पाय ठेवायचा नाही. मला वाटायचं, हा तोरा आहे.

गेल्या वसंतात त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि व्हॅन माझ्याकडे आली. किल्ली द्यायला त्यांनी मला घरी बोलावलं, आणि मग काय मनात आलं, मागच्या कोठारात घेऊन गेल्या. तिथे ताडपत्रीखाली एक पिवळी, उघड्या टपाची, दोनच सीटांची गाडी होती. चाकं बसलेली. सीटवर कोंबड्यांनी अंडी घातलेली.

"कुणाची हो ही?"

"माझी." त्या अंड्यांकडे बघत राहिल्या. "असंच कार्ड आलं होतं. मला हॅम लागलं होतं बक्षीस. डुकराची हाडासकट अख्खी मांडी, ट्विला. त्या माणसाने ते माझ्या हातात दिलं आणि वर म्हणाला, देव तुमचं भलं करो. आता यावर नाही कसं म्हणायचं, तूच सांग."

"आणि तुमचे मिस्टर?"

"हॉइट? तो अंगणात उभा राहून गाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, हॅम कुठे ठेवू. जन्मात पुन्हा त्या गाडीवरून मला बोलला नाही." त्यांनी टोपी सारखी केली. "अख्खी बस भरून पोरं मी एका शब्दात गप्प करायचे. पण समोर बसून कुणी गोड बोललं की मी संपले. म्हणून उतरत नाही. हॉर्न मारताना कुणाचं तोंड बघावं लागत नाही."

म्हणजे आमच्यात सगळ्यात भिडस्त बाई तीच होती. मला हसू आलं. मी त्यांना मिठी मारली. त्यांनी ती थोडा वेळ चालवून घेतली.

आता या ऑक्टोबरातली गोष्ट. आमच्या वृद्धाश्रमातल्या एका नर्सला घेऊन मी तंबूच्या सेलला गेले होते. मिस ओलेटा सोबतीला माझ्या शेजारी. नर्सबाई हुशार निघाली, हॉर्नच्या आधीच परत आली. तेवढ्यात मिस ओलेटा म्हणाल्या, "जरा बाथरूमला जाऊन येते." मी बेसावध होते. गेल्या त्या गेल्या. वळून बघते तर काचेआड टेबलाशी बसलेल्या, मांडीवर कागदी ताटली, टोपी काढलेली. समोरचा माणूस पुढे झुकून बोलतोय आणि त्या लाजून हसतायत. त्यांना मी कधी हसताना बघितलंच नव्हतं. बाजूला लाल पिकअपचं दार सताड उघडं. आणि पर्समधून चष्मा काढून त्या एक कागद डोळ्यांजवळ नेत होत्या.

हॉइटने ठेवलेलं घर आणि थोडं पेन्शन, एवढंच त्यांच्यापाशी आहे. आणि गाडी तर आता त्यांना चालवताही येत नाही.

माझा हात हॉर्नवर गेला आणि तिथेच राहिला. वडीलधाऱ्या बाईवर हॉर्न मारायचा? तोही मिस ओलेटांवर? आई असती तर तिने मला दारात उभं केलं नसतं. मी एक बारीकसा, माफी मागितल्यासारखा हॉर्न दिला. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मग मी डोळे मिटले आणि त्यांच्यासारखा मारला. लांब. तंबूतली सगळी माणसं वळून बघायला लागली, आणि माझे कान लाल झाले. असे कान लाल करून ही बाई आमच्यासाठी इतकी वर्षं तिथे बसली होती.

त्या उठल्या. ताटली टेबलावर ठेवली, त्या माणसाला काहीतरी सांगितलं, आणि हळूहळू चालत येऊन शेजारी बसल्या.

"काय सांगितलंत त्याला?" मी विचारलं.

"सांगितलं, बाहेर एक खडूस बाई आहे, ती थांबायची नाही." त्या समोरच्या काचेतून बघत राहिल्या. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. "इतका वेळ का लावलास, बाळा? मी सहीपर्यंत पोचले होते."

मला बोलायचं बरंच होतं. आईचं, ब्युइकचं, त्या शनिवारचं. पण मी बोलायला लागले असते तर आम्ही दोघी तिथेच रडत बसलो असतो, आणि मागची नर्स घाबरली असती. मी गाडी सुरू केली.

"पट्टा लावा, मिस ओलेटा," मी म्हणाले.