चार वाजता चालू ठेवा

दुसऱ्याच्या मालमत्तेवर इतक्या नम्रपणे अतिक्रमण करणारा इसम अख्ख्या इंदुरात दुसरा झाला नसेल. अन्नपूर्णा भागातील आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे हे निवृत्त प्राध्यापक एके दिवशी अटींचा छापील कागद घेऊन माझ्या दारी उभे राहिले. त्यांचे धरून पाच घरांचे पाच संगणक तारेने जोडायचे, प्रत्येकाने डिस्कचा दहावा हिस्सा द्यायचा, सर्वांवर एकच प्रोग्रॅम, आणि रोज दुपारी चार वाजता पाचही यंत्रे चालू. दिवंगत पत्नीच्या आवाजाचे एक ध्वनिमुद्रण त्यांनी पाच तुकडे करून या पाच घरांत ठेवले; एक यंत्र बंद, की आवाज बंद. "अहो, यात धोका पाचपट वाढतो!" मी कडाडलो. "वाढतो ना भिया," ते अस्सल इंदुरी सुरात म्हणाले, "पण पाच घरांत तिचं येणं-जाणं राहतं."

पावणेचारला ते दारोदार फिरत. "मशीन चालू आहे ना?" एवढे विचारून, ताप पाहावा तसा संगणकाच्या पाठीवर तळवा ठेवत. माझी पत्रे टंकताना यंत्र मंदावू लागले, तेव्हा मी एकाच जिन्याच्या अंतरावर रजिस्टर्ड टपालाने सात पानी नोटीस धाडली: विनापरवाना भोगवटा तत्काळ सोडावा. तिच्यावर त्यांनी सुबक अक्षरात लिहून पाठवले, "पोच. चार वाजता चालू ठेवा, साहेब." त्या उद्धटपणाबद्दल मी आठ दिवस यंत्र बंद ठेवले. रोज चारला जिन्यावर पावले येत, माझ्या दाराशी थांबत, परत जात. नवव्या दिवशी ती आली नाहीत. प्राध्यापक सकाळीच गेले होते.

तेराव्यानंतर त्यांच्या घराला कुलूप लागले, विजेचा मीटरही काढून नेला. पाचांतले एक यंत्र त्या अंधारात निर्जीव पडलेले. कायद्याने आणि विज्ञानानेही आता ती फाइल उघडणे अशक्य. तरी चार वाजता मी माझे यंत्र चालू केले. पडद्यावर अक्षरे उमटली: पाचपैकी पाच उपलब्ध. मग एका बाईचा साधा, किंचित वैतागलेला आवाज आला, "अहो, चहा ठेवलाय. किती वेळ? या ना जल्दी."

मी वर गेलो. कुलूप जागेवर होते. दारावर तळवा ठेवला; दार उबदार होते.

त्याच संध्याकाळी नोटीस बिनशर्त मागे घेत असल्याचे पत्र लिहून मी त्यांच्या दहाव्या हिश्श्यात ठेवले. आठ दिवसांबद्दल त्यात एक वाक्य आहे. एवढे तोकडे वाक्य मी आयुष्यात लिहिले नव्हते. पोच अजून आलेली नाही. पावणेचार झाले, की मी दार उघडे ठेवून बसतो.