नाव नसलेल्या सात बाटल्या

चौगुले सर गेल्याचा फोन आला तेव्हा मनात आधी काय आलं, हे सांगायला लाज वाटते. सर आले नाहीत. प्रयोगशाळेच्या कपाटातल्या सात बाटल्या आल्या. आता त्या कोण ओळखणार? रडू नंतर आलं.

मी जात्याच भित्री. आठवीत सरांकडे विज्ञान शिकायला बसले तेव्हा शब्दांनाच घाबरले. द्रावण, द्रावक, द्राव्य. तिन्ही सख्ख्या बहिणींसारखे, थोरली कोण नि धाकटी कोण कळेना. सर शब्द पाठ करायला लावत नसत. प्रयोगशाळेत समोरच्या वस्तूचं नाव मोठ्यानं सांगेपर्यंत हात पाठीमागे बांधायचे, हा त्यांचा नियम. साखर द्राव्य, पाणी द्रावक, सरबत द्रावण, मगच चमचा हातात. 'संहत आम्ल'पाशी माझा आवाजच फुटेना. "भ्या वाटतंय न्हवं?" सर म्हणाले. "बरं हाय की. ज्याला वाटत न्हाय त्याला मी दारातच थांबवतो." संहत म्हणजे पाणी कमी, आम्ल जास्त, हे त्या दिवशी कळलं ते कायमचं.

पुढं मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले. निवृत्त झाले तरी सर येतच राहिले. गेल्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी शाळेत शिरलं. ओसरल्यावर बघतो तर बाटल्या शाबूत, चिठ्ठ्या तेवढ्या धुऊन गेलेल्या. सगळं दिसायला पाण्यासारखं, आणि कशात काय, देव जाणे. सर रोज येऊन लिटमस बुडवत, जुनी नोंदवही चाळत, एकेक चिठ्ठी लिहीत. एकदा मी घाईघाईनं एका बाटलीचं बूच काढून नाक पुढं केलं. सरांनी माझा खांदा असा ओढला की मी स्टुलावर आपटले. "पोरी, नाक परत मिळत न्हाय," एवढंच बोलले, पण बूच परत लावून झालं तरी माझा खांदा सोडेनात. सरांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नंतरच्या शनिवारी म्हणाले, "सात ऱ्हायल्यात. तू जा, मी कुलूप घालून जातो." रविवारी सकाळी झोपेतून ते उठलेच नाहीत.

तीन आठवडे मी कपाट उघडलं नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, मुलांचे प्रयोग कधी व्हायचे? त्या सात बाटल्या द्या की मोरीत ओतून." मोरीत... कशात काय मिसळलं असतं, आणि शेजारी पन्नास पोरं. शेवटी जीव मुठीत धरून किल्ली फिरवली. वरच्या फळीवर सातही बाटल्या ओळीनं उभ्या, आणि प्रत्येकीवर सरांच्या अक्षरात ताजी चिठ्ठी: 'माहीत नाही. हात लावू नये.' जन्मभर शिकवलेल्या माणसानं जाताजाता हे सात वेळा लिहून ठेवलं होतं.

कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक येऊन त्या नेणार आहेत. तोवर फळीला दोरी बांधलीय. काल आठवीच्या मुलांना दोरीबाहेर उभं केलं, हात मागे बांधायला सांगितले आणि खालपासून चिठ्ठ्या वाचायला लावल्या. वरच्या फळीशी एक मुलगी अडखळली. "बाई, सरांनाबी म्हाईत न्हवतं?"

"न्हवतं," मी म्हणाले.

मग सगळ्यांनी एका सुरात सातही चिठ्ठ्या वाचल्या. वाचून झालं तरी कुणी हात सोडले नाहीत. माझेही मागेच होते.