दहावीच्या पोरीचा स्कर्ट

वैनींनी सगळ्या मशिनी बंद करायला लावल्या आणि माझ्या कमरेला टेप गुंडाळला. मग हसत म्हणाल्या, "अगं बाई, पुरला की टेप! मला वाटलं, जोड द्यावा लागतोय."

बायका हसल्या. मालकीण हसली की हसावंच लागतं.

सोलापुरात आमचा शाळेच्या युनिफॉर्मचा कारखाना. आमचा म्हणजे वैनींचा; मालकीणबाईंना आम्ही सगळ्या वैनीच म्हणतो. मी तिथं लग्नाआधीपासून शिवते. जुनी सुपरवायझर काम सोडून गेली आणि तिच्या जागी माझं नाव निघालं. वैनींना ते खपलं नाही. बाहेरगावचे व्यापारी येतात, त्यांच्यापुढं असं पोट घेऊन कोण उभं राहणार? त्या स्वतः रोज जिमला जातात. गाडीनं. त्यांनी मीच शिवलेला दहावीच्या पोरीचा स्कर्ट माझ्या मशीनसमोर टांगला. "महिन्याभरात ह्यात मावून दाखव. मग सुपरवायझर."

आणि हे पोट दिलं कुणी? सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बूड हलवायचं नाही. पाणी प्यायला उठलं तरी बोलणी. वर दर शनिवारी घरातली शिळी मिठाई आमच्या हातावर. नको म्हटलं की माजली म्हणायचं.

पण मला ती जागा हवी होती. फार हवी होती. मी जेवण सोडलं, चहावर दिवस काढले. परकराचा नाडा असा आवळायची की श्वास अर्ध्यातच अडायचा. कमरेला वळ पडला, तो चिघळला. वैनी येता-जाता स्कर्टला बोट लावून विचारायच्या, "कुठवर आली गाडी?" मी लाजून हसायची. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

एका दुपारी शिवता शिवता डोळ्यांपुढं अंधारी आली. सुई बोटातून आरपार गेली. मी खाली कोसळले तेव्हा वैनींचा आवाज कानावर आला, "आधी तो शर्ट उचला. पांढरा आहे, डाग जाणार नाही."

मी जमिनीवर. आणि शर्टाची काळजी.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बोट बांधलं, नाडा सैल करायला लावला. वळावर मलम लावलं. रक्त तपासलं तर साखर वाढायला लागलेली. माझ्या आईचा पाय साखरेनंच कापावा लागला होता. मी तिथंच रडायला लागले.

"रडू नको," त्या म्हणाल्या. "चरबी पोटाच्या आत साठलीय, लिव्हरभोवती. ती नाडा आवळून जात नाही, उपाशी राहूनही नाही. रोज चालायचं. गोड बंद. भाकरी, डाळ, पालेभाजी वेळेवर खायची. दोन-तीन महिन्यांत कंबर इंचभर उतरली तरी पुष्कळ झालं."

इंचभर. मला झेपेल एवढंच कुणीतरी पहिल्यांदा मागत होतं.

शनिवारी वैनी मिठाई वाटत माझ्यापाशी आल्या. स्कर्टाकडं बघून म्हणाल्या, "झाला ना महिना? घालून दाखव सगळ्यांना."

मी उठले. स्कर्ट काढला, घडी केली आणि त्यांच्या हातात दिला. "वैनी, ह्यो दहावीच्या पोरीचा हाय. मी दोन लेकरांची आई हाय. माझी कंबर मी डॉक्टरीणबाईला दाखवीन. तुमाला न्हाय. आन् ती मिठाई तुमच्या घरीच खावा."

कुणी हसलं नाही.

सोमवारी मला मशीनवरून काढून शिवलेल्या कपड्यांचे सुटे दोरे कापायला बसवलं. सुपरवायझर दुसरी झाली. बारीक आहे. तिच्यावर माझा राग नाही.

आता दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी गेटपर्यंत चालते, परत येते, पुन्हा जाते. वैनी ऑफिसच्या काचेतून बघतात. बघू देत. माझ्यामागं आता आणखी दोघी चालायला लागल्यात. चालणं बंद करा म्हणून निरोप आला. आम्ही बंद केलं नाही. पोट उतरेल तेव्हा उतरेल, माझ्या हिशेबानं. कामावरून काढलं तर दुसरीकडं शिवीन. पण कुणाच्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून मी पुन्हा एक घासही सोडणार नाही.