बागेला पाणी घालणारी बाई

शहापुरात बाग झाली तेव्हा मी पाचवीत होते. त्याआधी तिथं उघडं मैदान होतं. म्हशाच्या जत्रेला बैल घेऊन निघालेली माणसं थंडीत तिथं विसाव्याला थांबायची, बाकी वर्षभर नुसतं गवत आणि कचरा. मग भिंत आली, लोखंडी फाटक आलं, दोन घसरगुंड्या, सिमेंटची हरणं, तोंड उघडून बसलेली सशाची कचराकुंडी आणि मधोमध कारंजं. ते उद्घाटनाच्या दिवशी उडालं. नंतर त्याच्या हौदात बेडूकच राहिले.

झाडं मात्र आईनं लावली. वडील गेल्यावर तिला बागेत रोजावर काम मिळालं होतं. ती वैशाखरे गावची, शेतकऱ्याघरची. रोपाची मुळं बघूनच सांगायची, हे जगंल, हे नाय. मेंदीचं कुंपण, जास्वंदी, फाटकाशी बहावा, मागच्या भिंतीला बकुळ. शाळा सुटली की मी तिच्यामागं पाण्याची नळी ओढत फिरायचे.

अकरावीला कॉलेजात नव्या मैत्रिणी मिळाल्या. एके दुपारी त्यांनी बागेत बसायचं ठरवलं. मी दोनतीन कारणं सांगितली, पण चालली नाहीत. आई मागच्या बाजूला असेल अशी आशा होती. ती समोरूनच आली. पदर खोचलेला, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात नळी. मला बघून हसली. मी वही उघडून वाचायला लागले.

ती क्षणभर थांबली. मग जवळ येऊन म्हणाली, "पाय वर घ्या गो पोरींनो, पाणी येतंय."

सगळ्यांना एकाच आवाजात. मीही पाय वर घेतले.

"किती प्रेमळ आहे ना ही बाई," एक मैत्रीण म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

रात्री जेवताना आई एवढंच बोलली, "मैत्रिणी चांगल्या हायेत तुझ्या." दुसऱ्या दिवसापासून ती भल्या सकाळी जाऊन कॉलेज सुटायच्या आत पाणी आटपायला लागली. मला ते कळलं होतं.

पुढं मला कल्याणला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. बाग नव्यानं करायला काढली. चालायला ट्रॅक, व्यायामाची यंत्रं, रंगीत दिवे, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. कामाला नवी माणसं आली आणि आईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. काम पुरं झाल्यावर ती एकदा माझ्याबरोबर बघायला आली. मेंदी उपटलेली होती. बकुळीच्या बुंध्यापर्यंत सिमेंट भरलेलं. आई तिथंच खाली बसली, नखानं सिमेंट खरवडू लागली.

"ह्याला पाणी कुठून जायचं?"

रखवालदार आला. "आजी, ट्रॅकवर बसू नका."

"अहो, ही बाग हिनं लावलीय," मी म्हणाले. तिथं पहिल्यांदाच मी ते मोठ्यानं बोलले.

"असेल ताई. पण लोक तक्रार करतात."

"चल गो," आई उठत म्हणाली, "उगाच त्याला बोलणी बसतील." नंतर ती कधीच तिकडं गेली नाही.

गेल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. एक दिवस तिचे पाय चेपताना मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी तुला ओळख दिली नाही."

"कवा? मला नाय आठवत तसलं काय."

मी रडत राहिले. बऱ्याच वेळानं, डोळे मिटलेले ठेवूनच ती म्हणाली, "नव्या चपला होत्या ना तुझ्या. भिजल्या असत्या."

पाचव्या दिवशी ती गेली.

माझी मुलगी आता सात वर्षांची आहे. शहापूरला गेलो की बागेत चल म्हणून मागं लागते. मी म्हणते, पुढच्या वेळी.