लस परीक्षेनंतर

कात्रजला घरीच मी पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या शिकवण्या घेते. गेल्या वर्षी माझी मुलगीही त्याच सतरंजीवर बसायची. माझा स्वभाव कडक आणि जीभ तिखट. मुलांच्या आयांना ते ठाऊक असतं, किंबहुना त्यासाठीच त्या मुलांना माझ्याकडे पाठवतात.

परीक्षा दहा दिवसांवर असताना शाळेतून मेंदूज्वराच्या लसीचं संमतीपत्र आलं. हा आजार डासांमुळे होतो आणि मेंदूवर जातो, असं त्यात छापलं होतं. मी ते वाचलं होतं, हे मुद्दाम सांगते. पण लसीने एखादा दिवस कणकण आली, तर सराव परीक्षा बुडणार. मी लाल पेनाने लिहिलं, 'परीक्षेनंतर घेऊ.' शिकवणीच्या ग्रुपवर बाकीच्या आयांनाही तसंच कळवलं. त्यांनी ऐकलं.

मे महिन्यात त्या सगळ्या आपापल्या मुलांना महापालिकेच्या दवाखान्यात नेऊन लस देऊन आल्या. मी नव्या बॅचच्या गडबडीत होते. "ताई, तुमचं झालं का?" एकीने विचारलं. "या आठवड्यात नेते," मी म्हणाले. पुढे निकाल लागला, मुलगी गुणवत्ता यादीत आली, मी पेढे वाटले. लस डोक्यातून पार गेली.

गणपती विसर्जन झालं त्याच आठवड्यात तिची गणिताची चाचणी होती. सकाळी म्हणाली, "आई, डोकं खूप दुखतंय." अंग थोडं गरम लागत होतं.

"गणिताच्याच दिवशी बरं दुखतं तुझं डोकं. नाटकं पुरेत, ऊठ."

तापाची गोळी देऊन तिला शाळेत पाठवलं. दुपारी फोन आला. वर्गातच तिला झटके आले होते.

पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, जपानी मेंदूज्वर निघाला. घराजवळ पाणी साचतं का, डुकरं आहेत का, डॉक्टर विचारत होते. आमच्या इमारतीमागच्या ओढ्यात दोन्ही आहेत. मग त्यांनी विचारलं, "लस झाली होती का?"

"हो, झालीय ना गं?" नवरा माझ्याकडे वळून म्हणाला.

"राहिली," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहून घेतलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

आठ दिवसांनी ती शुद्धीवर आली. उजवा हात अजून थरथरतो, शब्द सापडायला वेळ लागतो, पाढे तर पुसलेच गेले. किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही म्हणतात. शिकवणीची मुलं गेली की आम्ही दोघी सतरंजीवर बसतो. मी आता आवाज चढवत नाही. फार उशिरा सुचलेलं शहाणपण आहे हे, आणि त्याची किंमत माझ्या पोरीने मोजली.

आजारपणाच्या आधीचं तिला फारसं आठवत नाही. गणपतीची आरास नाही, निकाल नाही, पेढे नाहीत. परवा सहाचा पाढा म्हणता म्हणता ती थांबली.

"आई, त्या दिवशी सकाळी तू 'नाटकं पुरेत' म्हणालीस, तेवढं आठवतं. मी खरंच नाटक करत होते का गं?"

"नाही बाळा. तुझं डोकं खरंच दुखत होतं."

"मग ठीक आहे. मला वाटलं, नाटक केलं म्हणून असं झालं," ती म्हणाली आणि पुन्हा सहा एके सहापासून सुरुवात केली.