म्हातारी डॉकला गेली त्या आठवड्यात

म्हातारी म्हणजे आमची फेरीबोट. माझ्या बायकोला कोणी म्हातारी म्हटलं असतं तर तिने त्याला तिथल्या तिथे झापलं असतं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

ही बोट सिंगापूरला, पुंगोलच्या बाजूने समोरच्या बेटावर लॉऱ्या, सिमेंटच्या गाड्या, पाण्याचे टँकर नेते आणि रिकामे परत आणते. सपाट, बुटकी, पुढे लोखंडी रॅम्प, मागे खुराड्याएवढी केबिन. मुद्दाम बघायला जावं असं तिच्यात काही नाही. तरी आम्ही पाच-सहा जण रोज सकाळी तिला बघायला जायचो.

मी मुंबईला गोदीत वेल्डर होतो. चौथीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही. सगळं आयुष्य बोटींच्या पोटाखाली उताणं पडून काढलं. मुलगा मरीन इंजिनियर झाला, इथे रुळला आणि आम्हा दोघांना घेऊन आला. फ्लॅट चांगला आहे. पण मुलगा-सून कामाला गेले की आम्ही दोघांनी करायचं काय? भिंती बघायच्या? म्हणून पाण्याच्या कडेने चालायला लागलो आणि तिथे हे बोटवेडे भेटले.

त्यांचा म्होरक्या एक चिनी माणूस, रिटायर झालेला टॅक्सीवाला. बोटीशी त्याचं काही घेणंदेणं नाही. पण आज रॅम्प कुठल्या बाजूला कलला, धूर काळा आला की पांढरा, नवा टायर कुठे टांगला, हे सगळं त्याला कळायला हवं. त्यांचा फोनवर ग्रुप आहे. दिवसाची पहिली फेरी जो बघेल त्याने तिची क्लिप टाकायची, बाकीच्यांनी अंगठा पाठवायचा. बोट दुरुस्तीला डॉकला गेली की तेवढे दिवस जुन्या क्लिपा टाकायच्या, म्हणजे ग्रुप सुना राहत नाही. पद्धत चांगली आहे. वाट लावली ती मी.

बायको मला हसायची.

"लोक पाखरं बघायला जातात. तुम्ही सिमेंटची गाडी चढताना बघा."

"मग तू कशाला येतेस?"

"तुम्ही पाण्यात पडलात तर ओरडायला कोणीतरी नको?"

पण तिलाही बोट आवडायची. तिच्या माहेरच्या खाडीवर अशीच बोट चालते. तिकडे तिला जंगलजेटी म्हणतात आणि ती इथेही तेच म्हणायची. "आली बघा तुमची जंगलजेटी."

रॅम्पवर एक बांगलादेशी खलाशी असायचा. तिशीचा असेल. साखळी सोडायची, लॉरीवाल्याला हाताने मागे-पुढे करायचं, चाकाखाली लाकडी ठोकळे लावायचे, हे त्याचं काम. हिंदी मोडकंतोडकं. बायकोला तो खालाम्मा म्हणायचा, म्हणजे त्यांच्यात मावशी. मला चाचा. बोट लागते त्या उताराच्या बाजूला एक कठडा आहे, त्यावरून हात पोचतो. बायको तिथून त्याला डबा द्यायची. कधी घावन, कधी आंबोळ्या, कधी भाकरी आणि सुकटाची चटणी. दुसऱ्या दिवशी तो डबा धुऊन परत द्यायचा.

"खालाम्मा, मिर्ची थोडा कम."

"मिर्ची कम तो ताकद कम," ती म्हणायची. तिचं हिंदी त्याच्याहून वाईट.

मला यातलं एक आवडायचं नाही. ती कठड्याशी गेली की माझ्या क्लिपमध्ये तिची बडबड यायची. ग्रुपला इंजिनाचा आवाज स्वच्छ लागतो. मी सांगायचो, "जरा गप्प बस, शूटिंग चाललंय." ती गप्प बसायची. म्हणून माझ्या फोनमध्ये एवढ्या क्लिपा आहेत आणि तिचा आवाज एकाच क्लिपमध्ये आहे.

त्या सकाळी डबा द्यायला उशीर झाला. बोट सुटली होती, रॅम्प वर उचलला जात होता. बायको कठड्याशी धावली, "अरे, डबा!" आणि तो वेडा चालत्या रॅम्पच्या टोकावर आला. एका हाताने साखळी धरली, दुसऱ्या हाताने डबा घेतला. केबिनवाल्याने त्याच्यासाठी रॅम्प मधेच थांबवला. बोट मागे सरकत होती. खाली पाणी, त्याचा एक पाय हवेत. मी कठड्याला चिकटून उभा होतो, हात लांब केला असता तर त्याचा दंड हातात आला असता. मी फोन धरला होता.

क्लिपमध्ये बायको ओरडते, "अरे पडशील! अहो, शूटिंग कसलं करताय, त्याला हात द्या!"

तो आपला आपण सावरला, आत उडी मारली, डबा डोक्यावर धरून हसला. तिथे क्लिप संपते.

ती मी ग्रुपवर टाकली नाही. तिच्या ओरडण्याने खराब झाली असं मला वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला ताप आला. ताप छातीत उतरला. हॉस्पिटल, नळ्या, मुलगा कागदांवर सह्या करतोय. ती घरी आली नाही. तेराव्याला मुलाने इथली चार मराठी घरं बोलावली. बँकेतली माणसं, चांगली माणसं. जेवली, "काकू फार प्रेमळ होत्या" म्हणाली, दाराशी बूट घातले आणि गेली. दुसऱ्या दिवशी फ्लॅटमध्ये मी आणि तिच्या चपला.

किनाऱ्यावर गेलो तर बोट नाही. रंगाला डॉकमध्ये गेली होती. ग्रुपवर जुन्या क्लिपा पडत होत्या. मग मीही ती टाकली. खाली माझ्या गोदीतल्या इंग्रजीत लिहिलं, माझी बायको, आता नाही, हा तिचा आवाज.

फोन वाजायला लागला तो थांबेना. जोडलेले हात, फुलं, मेणबत्त्या. ज्यांना मी कधी बघितलं नाही असे लोक लिहीत होते की आंटीचा आवाज कसा खणखणीत आहे. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. तेराव्याला तिच्या आवाजाबद्दल कोणी एक शब्द बोललं नव्हतं. कोणीतरी ती क्लिप आणखी दुसरीकडे पाठवली, तेव्हाही बरंच वाटलं. आणखी लोक तिला ऐकतील.

संध्याकाळी टॅक्सीवाल्याचा फोन आला. तो लांबलचक लिहीत नाही, फोन करतो.

"अंकल, आंटीला ऐकलं. माझी बायको ऐकून रडली."

"हां."

"पण रॅम्प बघ ना. रॅम्प अर्धा खाली, बोट चालू, माणूस टोकावर. कंपनीने बघितलं तर त्या पोराचं काय? काढून टाक."

"काढतो."

"आत्ता काढ."

"जेवून काढतो."

लोखंडाच्या टोकावर एका पायाने उभा माणूस म्हणजे काय, हे मला कोणी समजावायला नको. असा फोटो साहेबाच्या हातात पडला की माणूस संध्याकाळी गेटाबाहेर, हे मी गोदीत डोळ्यांनी बघितलंय. तरी क्लिप काढली नाही. जेवलो आणि नवीन आलेले मेसेज बघत बसलो. क्लिप काढली असती तर मेसेज थांबले असते. दुसऱ्या दिवशी टॅक्सीवाल्याने परत फोन केला. मी उचलला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

बोट परत आली त्या सकाळी सगळे बोटवेडे हजर. ताजा निळा रंग, नवे टायर, बाजूचा पोचा ठोकून सरळ केलेला. टॅक्सीवाल्याने टाळ्या वाजवल्या. रॅम्प खाली आला. त्यावर दुसराच माणूस.

टॅक्सीवाल्याने कठड्यावरून विचारलं, पहिला कुठे?

"घरी पाठवतायत त्याला. व्हिडिओ आला ना," तो म्हणाला आणि लॉरीला हात दाखवायला लागला.

टॅक्सीवाला माझ्याकडे वळला. मला वाटलं आता शिवी घालेल. त्याने चष्मा काढला, शर्टाने पुसला, परत घातला आणि बोटीकडे बघत राहिला. शिवी घातली असती तर बरं झालं असतं. मी तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवरून क्लिप काढली. त्याला आता काही अर्थ नव्हता.

तसाच कंपनीच्या ऑफिसात गेलो. सांगितलं, डबा आम्ही दिला, चूक आमची आहे, त्याला परत घ्या. टेबलाशी बसलेल्या मुलीने मला पाणी दिलं. "थँक यू अंकल, सांगते मी," म्हणाली. काही लिहूनही घेतलं नाही.

संध्याकाळी मुलाला सगळं सांगितलं. त्याचा बोटीवाल्यांत वावर आहे. त्याने दोन-तीन ठिकाणी फोन केले, मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"बाबा, परमिट रद्द झालंय. तिकीटही काढलंय त्यांनी. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर कुठेतरी लावला असता त्याला."

"पहिल्या दिवशी मला..."

"काय?"

"मला मेसेज येत होते."

तो उठला. आईच्या फोटोपुढचा दिवा नीट केला. तो आधीच नीट होता.

खलाशाचा पत्ता टॅक्सीवाल्यानेच काढला. वुडलँड्सकडच्या कामगारांच्या एका डॉर्मिटरीत होता. आम्ही दोघं गेलो आणि बाहेरच्या हॉकरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांपाशी, बसलो. तो आला तो हातात पिशवी घेऊन. पिशवीत आमचा डबा. धुतलेला.

"चाचा, खालाम्मा का सुना मैंने," तो म्हणाला. "डब्बा देने आनेवाला था."

मी बसू दिलं नाही त्याला. आधी बोललो. "व्हिडिओ मैंने डाला. ये बोला, निकालो. मैंने नहीं निकाला."

"मालूम है."

"घर में कौन है?"

"अम्मा, बीवी, एक लडका. लडका तो खुश है, बाप आ रहा है."

मग तो बसला.  बाजूच्या टेबलावर कोणीतरी काटे काढत मासा खात होतं.

"चाचा, आवाज लगाओ ना. बॉस ने मेरे को दिखाया, आवाज बंद करके. खालाम्मा का आवाज सुनना है."

माझ्या फोनमध्ये क्लिप होती. लावली. तिघांची डोकी एकत्र आली. अरे पडशील. त्याने परत लावायला सांगितली. परत लावली.

"ये पीछे क्या बोलती है?"

त्याला मराठी येत नाही, टॅक्सीवाल्याला येत नाही. त्या टेबलावर तिचं बोलणं कळणारा मी एकटाच. 'सँभल के' असं म्हणतेय, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. तोंडात आलंही होतं.

"मेरे को बोलती है," मी म्हटलं. "फोन रखो, उसको हाथ दो."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"और आपने?"

"नहीं दिया."

टॅक्सीवाल्याला हिंदीतलं एक अक्षर कळत नाही, पण तो उठला आणि चहा आणायला गेला.

जाने दो चाचा, असं त्याने म्हणावं, यासाठी मी वुडलँड्सपर्यंत गेलो होतो. आता लिहिताना कळतं. तो तसं म्हणाला नाही. "मेरे फोन में भेज दो," म्हणाला. मी पाठवली. मग त्याने डबा माझ्याकडे सरकवला. मी तो परत त्याच्याकडे सरकवला. "ले जा."

त्याने जरा विचार केला आणि डबा पिशवीत ठेवला.

"अम्मा को बोलूँगा, सिंगापूर में मेरी एक खालाम्मा थी. खाना देती थी. मिर्ची ज्यादा डालती थी." तो थांबला. "चाचा का क्या बोलूँ?"

"जो हुआ वही बोल."

तो शुक्रवारी गेला. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. सांगितलं असेल त्याने.