चाळीस खुर्च्या आणि एक डच विशेषण

‘खझेलख’ हे डच विशेषण उच्चारायला नुसता घसा खाकरला तरी चालतं. समजायला मात्र मला चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने आणाव्या लागल्या.

आमची मृणाल लग्न करून हॉलंडला गेली. यंदा तिची डच सासू, मारिकेबाई, तिच्यासोबत पहिल्यांदाच आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी येणार होती. मला एकच घोर! पोर इतक्या लांब, तिथं आमचं कुणी नाही. या बाईंना आम्ही परके वाटलो तर तिचं कसं व्हायचं?

फोनवर विचारलं, “त्यांना आवडतं तरी काय?”

“बाबा, त्यांना सगळं खझेलख लागतं. घर, संध्याकाळ, चहासुद्धा! म्हणजे आपली माणसं जवळ, निवांत, ऊब वाटेल असं.”

यातलं ‘आपली माणसं’ तेवढं मी टिपून घेतलं. (‘निवांत’ मला रिटायर झाल्यावरही जमलेलं नाही.)

मग काय! आमच्या घरावरच्याच गच्चीत मांडव, लाउडस्पीकर, हात जोडलेल्या मारिकेबाईंचा फ्लेक्स आणि सोसायटीच्या चेअरमनचं भाषण!

“आवं, पाव्हणी येतीया का मंत्री?” माझी बायको सुमन म्हणाली.

“तुला खझेलख कळत नाही!” मी गरजलो.

कार्यक्रमाच्या दिवशी चेअरमन पाऊण तास बोलले. मग मी बिनवायरचा माइक घेतला. “आता मारिकेताईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार...” बघतो तर मानाची खुर्ची रिकामी! मृणाल नाही, सुमन नाही. चेअरमन नारळ धरून उभे.

“म्याडम कान झाकून खाली गेल्या की,” कुणीतरी म्हणालं.

लेकीचं सासर मी भर मांडवात बुडवलं होतं. तसाच खाली धावलो.

स्वयंपाकघरात मारिकेबाई फरशीवर मांडी घालून बसलेल्या, कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ. भाकरी थापताना मधोमध फाटलेली.

“फाटू द्या की! खायचीच हाय!” सुमन सांगत होती. एकीला दुसरीचं अक्षर कळत नव्हतं, आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईतो हसत होत्या.

“खझेलख!” मारिकेबाई म्हणाल्या, आणि पिठाचाच हात त्यांनी मृणालच्या गालावरून फिरवला. अगदी आईने फिरवावा तसा. मृणालही सवयीने त्यांना टेकली.

माझी पोर तिकडे एकटी नव्हती. मला हुंदकाच फुटला.

“मी पण बसू का इथं?” मी नाक ओढत विचारलं.

“बसा की,” सुमन म्हणाली, “पर आदी हातातला माइक बंद करा. तुमचं रडणं वर चाळीस खुर्च्या ऐकायलेत!”